बोअरवाल्याच्या नजरेतून बार्बर्टनचा जिओट्रेल

शिरूर, पारनेर, श्रीगोंदा या पट्ट्यात गेली ३१ वर्षं माझी बोअरची गाडी चालते. हॅमर खाली उतरला आणि कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर भुकटी वर यायला लागली की तिच्या रंगावरून मी सांगतो: हा काळा कातळ, हा भोकाभोकांचा मांजऱ्या, हा गेरूचा पट्टा. दगड मी असा वरून खाली वाचत आलोय. म्हणून लेकीने दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला बोलावलं तेव्हा तिला फोनवरच सांगितलं, "सिंह-हत्ती आईला दाखव. मला तुमच्या देशातला सगळ्यात जुना दगड बघायचाय." तिने दोन दिवसांनी उलट फोन केला आणि म्हणाली, "बाबा, बार्बर्टन."

आपल्याकडची बरीच माणसं क्रूगरच्या जंगलाला जातात. बार्बर्टन त्या जंगलाच्या दक्षिण बाजूला, गाडीने फार लांब नाही, तरी मराठीत त्याबद्दल कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय.

जोहान्सबर्गहून बार्बर्टन साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आम्हाला थांबत थांबत पाच तास लागले. म्पुमालांगा प्रांतातलं हे डोंगराच्या पायथ्याचं शांत गाव, १८८० च्या दशकात सोन्यामुळे वसलेलं. गावामागचे माखोंज्वा डोंगर २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. कारण तिथला दगड ३६० ते ३२५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि एवढा जुना असूनही फारसा बिघडलेला नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा, म्हणजे इथला दगड त्याच्या पन्नासपट जुना. गाव सोडून आर-४० रस्ता वर चढतो आणि सुमारे ४० किलोमीटरवर एस्वातिनी देशाच्या बुलेम्बू नाक्याला लागतो. याच रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी गाडी लावायला जागा केलीय, माहितीचे फलक लावलेत, आणि दगड समोर उघडा आहे. यालाच जिओट्रेल म्हणतात. रस्ता सगळ्यांचा, तिकीट नाही. स्वतःची गाडी घेऊन गेलात तरी चालतं.

आम्ही मात्र गावातल्या एका छोट्या एजन्सीकडून दोन दिवसांसाठी गाईड घेतला. या परीक्षणात मला मुख्य सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

तिशीतला तरुण, तिथलाच, स्वाती भाषा बोलणारा. मला पहिल्या भेटीपासून "बाबे" म्हणायचा. लेकीने विचारलं तेव्हा कळलं, त्यांच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बाबे म्हणतात, म्हणजे बापच. दिवसभर एका बाजूने "बाबा" आणि दुसऱ्या बाजूने "बाबे" ऐकत होतो, मला फार बरं वाटलं. तो इंग्रजीत सांगायचा, लेक मराठीत करून द्यायची, आणि माझा प्रश्न परत त्याच वाटेने जायचा. एकदाही त्याने घाई केली नाही.

सुरुवातीचे थांबे वालुकाश्माचे. भरती-ओहोटीने रचलेले जाड-पातळ थर, ३२० कोटी वर्षांहून जुने. म्हणजे तेव्हाही चंद्र होता आणि समुद्राला ओढत होता. जवळच गोट्यागोट्यांचा दगड, नदीतले गोटे सिमेंटात बसवावेत तसा. त्यात ग्रॅनाइटच्या जातीचे गोटे आहेत हे गाईडने बोट ठेवून दाखवलं. ग्रॅनाइट खोलवर तयार होतो. त्याचा गोटा व्हायला तो आधी वर यायला हवा, झिजायला हवा, वाहत यायला हवा. म्हणजे तोवर इथे डोंगर उभे राहून उतरायलाही लागले होते. पण मला ओढ होती लाव्हाची, त्यामुळे इथे मी फार रेंगाळलो नाही.

मग उश्यांचा लाव्हा आला.

गाडीतून उतरलो तेव्हा मला तो दगड ओळखू आला नाही. हिरवट-करडा, त्यावर गोल-लांबट आकार एकमेकांना चिकटलेले, जसं पोतं फुटून बटाटे एकावर एक दाबले जावेत. गाईड म्हणाला, "बाबे, हा तुमचाच दगड आहे." बेसॉल्टच तो, म्हणजे आपला काळा कातळ. फक्त कोट्यवधी वर्षं गरम पाणी मुरून त्यातले खनिज बदलले आणि तो हिरवा पडला. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की त्याची साल क्षणात गोठते, आतला रस साल फुगवत पुढे सरकतो, मग फाटून नवी उशी बाहेर येते. वरची उशी मऊ असतानाच खालच्या दोन उश्यांच्या खाचेत तिची शेपटी उतरते. म्हणजे शेपटी ज्या बाजूला, ती बाजू मूळची खालची.

मग तो मला म्हणाला, "सांगा, खाली कुठे?"

मी वाकून, हाताने चाचपून शोधलं. शेपट्या जमिनीकडे नव्हत्याच, आडव्या होत्या, एका बाजूला. मी उठून उभा राहिलो आणि मला एकदम सगळा डोंगर दिसला. आपल्याकडे लाव्हाचे थर भाकरीच्या चवडीसारखे आडवे पडलेले असतात, एकावर एक. मी ३१ वर्षं तसंच धरून चाललोय, इथे ९० फुटांवर गेरू लागला तर शेजारच्या वावरातही त्याच्या आसपास लागणार. इथे ती चवड कोणीतरी उचलून कडेवर उभी केली होती. बार्बर्टनचे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ उभे आहेत. इथे मी बोअर मारला असता तर खाली जाताना एकाच थरात राहिलो असतो, आणि रस्त्याने चालत गेलो तर थरामागून थर ओलांडत गेलो असतो. अनेक किलोमीटर जाडीचा लाव्हा आणि गाळ कशाने दुमडला, कशाने उभा केला? तिथून पुढे दिवसभर आम्ही या एकाच प्रश्नावर बोलत होतो.

शाळेत आपण शिकतो की पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांचं आहे, तुकडे सरकतात, एक दुसऱ्याखाली घुसतो, मधे डोंगर चेपून उभे राहतात. मी सहज म्हणालो, मग इथेही तसंच झालं असणार. गाईड मानेनेच नाही म्हणाला. "उश्यांवरून एवढंच कळतं की इथे पाणी होतं. तुकडे सरकत होते की नाही, ते उशी सांगत नाही." हे मला फार आवडलं. पर्यटकाला मोठं वाक्य ऐकवून खूश करायचं सोडून त्याने दगड जेवढं सांगतो तेवढंच सांगितलं. मीसुद्धा शेतकऱ्याला ओली भुकटी दाखवून "पाणी लागलं" म्हणत नाही, धार बघितल्याशिवाय नाही.

पुढे राखेच्या गारांचा थांबा आहे. ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात ओलावा असला की राख कणाभोवती गोळा होऊन वाटाण्याएवढे गोळे पडतात, तसे गोळे थरात जसेच्या तसे आहेत. कापलेल्या कांद्यासारखी आत चकती दिसते. पत्नीला हा थांबा सगळ्यात आवडला.

वाटेत जुन्या रोपवेचे खांब दिसतात. बुलेम्बूजवळच्या हॅव्हलॉक खाणीतलं अॅस्बेस्टॉस १९३९ पासून २० किलोमीटर हवेतून बार्बर्टनला येत होतं. ते अॅस्बेस्टॉससुद्धा याच जुन्या, मॅग्नेशियमने भरलेल्या दगडात पाणी मुरून झालेलं.

दुपारी उंचावर थांबलो. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, गाईडने त्यांचा पाप आणला होता, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि चकालाका नावाची तिखट भाजी. शाकाहारी माणसाला हे दोन्ही चालतं. गाईडने दोन दशम्या मागून घेतल्या.

जेवण झाल्यावर त्याने पिशवीतून कापडात गुंडाळलेली, घासून गुळगुळीत केलेली दगडाची चकती काढली. हा कोमाटीआइट. कोमाटी नदी या डोंगरांच्या दक्षिणेला वाहते, तिच्या खोऱ्यात मॉरिस आणि रिचर्ड फिल्यून या जुळ्या भावांनी १९६९ साली हा लाव्हा जगापुढे मांडला आणि नदीचं नाव त्याला मिळालं. चकतीत लांब, पातळ पाती एकमेकांत घुसलेली, आपल्या माळावरच्या वाळलेल्या कुसळी गवतासारखी. ऑस्ट्रेलियातल्या एका काटेरी गवतावरून या नक्षीला स्पिनिफेक्स म्हणतात. ऑलिविन नावाच्या खनिजाचे हे स्फटिक, लाव्हा झपाट्याने गार झाल्यामुळे असे लांबलचक वाढलेले.

आपला बेसॉल्ट बाहेर पडला तेव्हा साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सिअस होता. कोमाटीआइट १६०० अंशांच्या आसपास. एवढ्या तापमानाचा लाव्हा पाण्यासारखा पातळ वाहतो. आजच्या पृथ्वीवर कुठलाच ज्वालामुखी असा लाव्हा ओकत नाही. कोलंबियाजवळच्या गोर्गोना बेटावर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा थोडा आहे, बाकी जवळजवळ सगळा २५० कोटी वर्षांपेक्षा जुना. म्हणजे तेव्हा पृथ्वीचं पोट आजच्यापेक्षा कितीतरी गरम होतं.

आणि सगळा वाद इथूनच सुरू होतो, असं गाईड म्हणाला. पोट गरम असेल तर वितळलेला रस जास्त, समुद्राखालचं कवच जाडजूड, पण मऊ. असं कवच आजच्यासारखं ताठ राहून दुसऱ्याखाली घुसेल का? की घुसता घुसता तुटून पडेल?

त्याने आम्हाला मागे वळून खाली बघायला लावलं. गावापलीकडे काप खोरं पसरलेलं, सखल, गोलाकार. ते खोरं ग्रॅनाइटच्या नात्यातल्या एका दगडाचं आहे, तो दगड ३२० कोटी वर्षांहून जुना, आणि आपण उभे होतो तो लाव्हाचा डोंगर त्याच्या कडेला. एका बाजूचे भूवैज्ञानिक म्हणतात, तुकडे वगैरे काही सरकले नाहीत. हलका, गरम ग्रॅनाइट खालून घुमटासारखा वर आला आणि जड लाव्हा दोन घुमटांच्या मधल्या फटीत खचत गेला, त्यातच थर उभे झाले. नकाशावर बघितलं तर बार्बर्टनभोवती असे गोल घुमट खरंच आहेत. दुसरी बाजू म्हणते, ही टक्कर आहे, एक तुकडा दुसऱ्याखाली गेल्याची. मार्टेन डी विट यांनी १९८० च्या दशकात इथला लाव्हा म्हणजे जुन्या समुद्रतळाचा वर आलेला तुकडा असल्याचं मांडलं होतं, त्यावर पुष्कळ वाद झाला.

मी विचारलं, "मग पुरावा कुठला?" इतका वेळ सोपं बोलणारा गाईड इथे थोडा थांबला, जमिनीवर काठीने रेघ ओढून समजावू लागला. हे मला सगळ्यात नीट कळलं, कारण ते खोलीचं गणित होतं. खाली जावं तशी ऊब वाढते, सर्वसाधारण जमिनीत दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. २००६ साली मोयेन, स्टीव्हन्स आणि किस्टर्स या तिघांनी बार्बर्टनच्या दक्षिणेकडच्या खडकातल्या गार्नेट वगैरे खनिजांवरून हिशेब मांडला. तो खडक १२ ते १५ किलोबार दाब सोसून आलेला, म्हणजे ४० किलोमीटर किंवा त्याहून खोल जाऊन आलेला. पण तापमान फक्त ६०० ते ६५० अंश. एवढ्या खोलीवर, त्यातही त्या गरम काळात, तो याहून खूप तापायला हवा होता. तो थंड राहिला, कारण तो झटक्यात खाली गेला आणि तापायच्या आत वर आला. कडक तव्यावर जाड भाकरी टाकून लगेच उचलली तर आत कच्ची राहते, तसं. थंड कवच असं वेगाने खोल नेणारी, आपल्याला माहीत असलेली मोठी यंत्रणा म्हणजे एका तुकड्याखाली दुसऱ्याने घुसणं. काळ सुमारे ३२३ कोटी वर्षांपूर्वीचा. घुमटवाल्यांचं यावरही उत्तर आहे, खचणारा लाव्हासुद्धा दगडाला खाली ओढू शकतो. पण मला तो कमी तापमानाचा आकडा जड वाटतो.

परतताना गाईडने विचारलं, "बाबे, तुम्ही भारतात नक्की कुठले?" मी दख्खन म्हटल्यावर त्याने गाडी हळू केली. म्हणाला, मग तुमच्या दगडाचा या वादाशी थेट संबंध आहे. लाव्हा गार होताना त्यातले लोहाचे कण होकायंत्राच्या सुईसारखे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेने लागतात आणि तिथेच गोठतात. विषुववृत्तापाशी ते आडवे राहतात, ध्रुवाकडे उभे होत जातात. त्या कलावरून लाव्हा कुठल्या अक्षांशावर गोठला ते काढता येतं. १९५० च्या दशकात दख्खनच्या बेसॉल्टवर हे मोजमाप झालं आणि दिसलं की आपला कातळ ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. भूखंड सरकतात हे जगाने मान्य करायच्या आधीचं हे काम. आणि तीच पद्धत २०२० साली हार्वर्डच्या अॅलेक ब्रेनर, रॉजर फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातल्या ३१८ कोटी वर्षांच्या हनीईटर बेसॉल्टला लावली. बोअर मारून गाभे काढले, त्यातलं चुंबकत्व मोजलं. निष्कर्ष: त्याआधीच्या १७ कोटी वर्षांत तो भूभाग वर्षाला किमान अडीच सेंटिमीटर सरकला होता. आजचे तुकडे साधारण याच वेगाने सरकतात. सरकणं म्हणजे घुसणं नव्हे, हेही गाईडने लगेच जोडलं.

मी त्याला कोयनेचं सांगितलं. तिथल्या भूकंपांचा अभ्यास करायला गोठण्याजवळ ३ किलोमीटर खोल बोअर घेतलाय. सुमारे साडेबाराशे मीटर आपला बेसॉल्ट, आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पुरातन दगड, धारवाडकडे उघडा दिसतो त्या घराण्यातला. आमच्या धंद्यातल्या माणसाला ३ किलोमीटर म्हणजे काय ते कळतं. आम्ही ५०० फुटांवर बिट अडकला तर रात्र काढतो. गाईडला हे माहीत नव्हतं, त्याने वही काढून गोठणे हे नाव लिहून घेतलं.

आता तक्रार. एजन्सीने दुसऱ्या दिवशी कोमाटी खोऱ्यात नेण्याचं कबूल केलं होतं, तसे पैसेही आधी घेतले होते. सकाळी सातला तयार होऊन बसलो तेव्हा फोन आला की तिथे जायची परवानगीच काढलेली नाही आणि उंच चाकांची गाडीही नाही. गाईडची यात काहीच चूक नव्हती, त्यालाही आदल्या रात्रीच कळलं. मुलीने तासभर वाद घातल्यावर अर्धे पैसे परत मिळाले. मी कोमाटीआइट फक्त चकतीत पाहिला, जागेवर नाही, आणि एवढ्या लांब येऊन ते राहिलं याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही जाणार असाल तर खोऱ्याची परवानगी हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.

थोडं व्यवहाराचं. आम्ही जुलैत गेलो, तिथला हिवाळा, गवत वाळलेलं, हवा स्वच्छ, दूरचं खोरं स्पष्ट दिसलं. त्यांच्या पावसाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, डोंगरावर धुकं उतरतं. ४० किलोमीटर वाचून दोन तास धरू नका, पूर्ण दिवस ठेवा आणि सकाळचं कोवळं ऊन पकडा, तिरप्या उजेडात उश्यांच्या कडा उठून दिसतात. फलक इंग्रजीत आहेत, ते आधी वाचायला बरोबर कोणी तरुण असेल तर उत्तम. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल, बहुतेक थांबे गाडीपासून चार पावलांवर आहेत. दगडाचा तुकडा उचलायचा नाही, हातोडी लावायची नाही. मी पायाखालचा खडासुद्धा आणला नाही, फक्त उशीवर तळहात ठेवून फोटो काढून घेतला.

गाईडला ५ पैकी ५. एजन्सीला २. रस्ता आणि त्यावरचे दगड यांना मी गुण देणार नाही, ते बघून या.

निघताना गाईडने सांगितलं की उश्यांचा लाव्हा भारतातही आहे, कर्नाटकात चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीला, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेला. शिरूरहून एका दिवसात पोचता येतं आणि मला ते माहीत नव्हतं. दिवाळीनंतर बोअरचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवलेत. तिथे शेपट्या कुठल्या बाजूला आहेत ते बघायचंय.